काळू नदीतली काचेची घरं

माळशेजला जाताना मुरबाडच्या पुढे गाडी थांबवून नदीत पाय बुडवले नाहीत, असा मुंबईकर विरळाच. मीही तेच करत होते. जानेवारीतली सकाळ, काळू नदीचं नितळ पाणी, फोटोसाठी एका धोंड्यावर पाय ठेवला आणि... धपकन! जीन्स भिजली, मोबाइल वाचला, इज्जत गेली.

‘‘लाखो काचेच्या डब्यांवरून घसरलीस तू,’’ मैत्रीण काठावरून हसत म्हणाली.

कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी मास कॉमकडे वळले, ती बॉटनीत रमली. सध्या डायटमवर पीएचडी करतेय आणि त्या दिवशी मी तिची बिनपगारी हेल्पर होते. धोंड्यावरचा जो तपकिरी, बुळबुळीत थर आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणून सोडून देतो, त्यात मुख्यतः डायटमच असतात. म्हणजे सिलिकाच्या कवचात राहणारी एकपेशीय शैवालं.

आमची साधनं काय, तर टूथब्रश, ट्रे आणि प्लास्टिकच्या बाटल्या. पाच दगड उचलायचे, घासायचे, चॉकलेटी पाणी बाटलीत भरायचं. भांडी घासायला आलेल्या एक मावशी बराच वेळ बघत होत्या. शेवटी राहवलं नाही.

‘‘दगडांचे दात घासताय काय गं पोरींनो?’’

मैत्रिणीने समजावलं, की या थरावरून पाणी चांगलं की वाईट ते कळतं. मावशींचा पुढचा प्रश्न सरळ होता. ‘‘मग आमचं कसं आहे?’’

‘‘मोजल्यावर सांगते, मावशी.’’

डबा, झाकण आणि तीट

लॅबमध्ये तो गाळ अ‍ॅसिडमध्ये उकळला. जिवंत होतं ते सगळं जळून गेलं, उरली फक्त काच. तिचा थेंब स्लाइडवर वाळवला, राळेत बसवला आणि हजारपट मोठं करणाऱ्या लेन्सखाली ठेवला. मी डोळा लावला आणि खरं सांगू? दोन मिनिटं काही बोललेच नाही.

समोर गॉम्फोनेमा होता. आकार कपडे धुवायच्या धोपाटण्यासारखा, डोक्याकडे रुंद आणि पायाकडे निमुळता. लांबी जेमतेम तीस-चाळीस मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या निम्मी. मधोमध एक बारीक चीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा. या रेघा म्हणजे प्रत्यक्षात छिद्रांच्या ओळी. मध्यभागी चिरेच्या एकाच बाजूला एक सुटा ठिपका. बाळाच्या गालावर तीट लावावी ना, तस्सा! पायाच्या टोकाशी अतिसूक्ष्म छिद्रांचा पुंजका असतो. त्यातून चिकट देठ निघतो आणि त्या देठाने हा पठ्ठ्या वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो.

कवचाचे भाग दोन. फराळाच्या डब्यासारखे, एक डबा आणि त्यावर घट्ट बसणारं झाकण. पेशी दुभंगली की दोघींच्या वाट्याला एकेक भाग येतो. त्याचं झाकण करायचं आणि आत बसेल असा नवा डबा घडवायचा. त्यामुळे एका शाखेत पिढीगणिक घर लहान होत जातं. (मुंबईकरांना वेगळं सांगायला नको!) फारच लहान झालं, की लैंगिक पुनरुत्पादनातून मूळ आकार परत मिळतो.

आणि ही काच येते कुठून? सह्याद्रीच्या कातळातून. बेसॉल्टमध्ये जवळपास निम्मी सिलिका असते. पावसापाण्याने कातळ झिजतो, सिलिका विरघळून नदीत येते आणि डायटम ती उचलून घर बांधतात.

नदी थांबली की

मग तिने दुसरी स्लाइड लावली. शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाच्या साठ्यातली. इथे धोपाटणी जवळपास नव्हतीच. होत्या गोल चकत्या आणि लांब साखळ्या. चीर नाही, देठ नाही. साठलेल्या पाण्यात तरंगायचंय, तर धरून ठेवायचं कशाला? दोन शेजारी तालुके, एकच कातळ, पण पाणी थांबलं आणि वस्तीच बदलली.

मुंबईचं जवळपास निम्मं पाणी याच भातसातून येतं. १८९२ पासून शहराला पाणी देणारं तानसाही शहापुरातच. त्याच तालुक्यातले पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मुरबाडमध्ये काळूवरही धरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं होतं. वनखात्याच्या परवानगीशिवाय काम चालू असल्याची तक्रार उच्च न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये ते थांबलं. पण प्रस्ताव काही कायमचा मिटला नाही. धरण झालं तर गावांची यादी होईल, झाडांची मोजणी होईल. धोंड्यावरच्या या वस्तीची नोंद कोण घेणार?

नोंदीचं महत्त्व कळायला एच. पी. गांधी आठवावेत. या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात कोल्हापूर, पन्हाळा अशा ठिकाणचे डायटम गोळा करून एकेका रेघेसह रेखाटले. त्यांनी कोल्हापुरातून नोंदवलेल्या गॉम्फोनेमांचा कार्तिक बालसुब्रमणियन आणि पॅट्रिक कोचिओलेक यांनी २०१२ मध्ये नव्याने अभ्यास केला. गॉम्फोनेमाच्या एका जातीला आता गांधींचंच नाव आहे. पन्नास वर्षांनी कुणीतरी उलगडून बघू शकलं, कारण आधी कुणीतरी मन लावून लिहून ठेवलं होतं.

रासायनिक चाचणी सांगते ती बाटली भरली त्या क्षणाची गोष्ट. डायटम सांगतात गेल्या काही आठवड्यांची, कारण सांडपाणी वाढलं की नाजूक जाती हटतात आणि चिवट जाती माजतात. युरोपात नद्यांची तब्येत ठरवताना सरकारी पातळीवर डायटम मोजले जातात. आणि काच कुजत नाही, म्हणून नीट ठेवलेली स्लाइड पुराव्यासारखी टिकते.

मैत्रिणीने स्लाइडवर लेबल चिकटवलं. ‘काळू, मुरबाड’, खाली तारीख. एका स्लाइडवरची चारशे कवचं ओळखून मोजायची असतात. मी निघाले तेव्हा तिची एकशे बारा झाली होती.

पुढच्या वेळी माळशेजला जाताना मला थांबायचंय. या खेपेला फोटोसाठी नाही. मावशींना उत्तर द्यायचं बाकी आहे.