अंड्याच्या कवचाचा रंग आणि पिलांची उबवण

यवतमाळ जिल्ह्यात कापूस व तुरीच्या शेतीला जोड म्हणून परसात चार-सहा कोंबड्या पाळणारी कुटुंबे गावोगाव आढळतात. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना ‘तांबूस अंड्यातून पिलू निघते, पांढऱ्यातून निघत नाही’ असा समज पुष्कळांच्या मनात असतो. केवळ रंग पाहून अंडी निवडली आणि ती निवड चुकली, तर दहा-बारा अंडी व कोंबडीचे 21 दिवस व्यर्थ जातात. म्हणून या समजुतीत तथ्य किती, हे नीट पाहणे अगत्याचे आहे.

कवचाचा रंग मुख्यतः जातीवर अवलंबून असतो. व्हाइट लेगहॉर्न कोंबडी पांढरे अंडे घालते; ऱ्होड आयलंड रेड तसेच परसातील पालनासाठी हैदराबाद येथे विकसित झालेल्या वनराजा व ग्रामप्रिया या कोंबड्या तांबूस अंडी घालतात. कवच तयार होण्यास सुमारे 20 तास लागतात आणि तांबूस रंग बहुतांशी शेवटच्या काही तासांत वरून चढतो. आतील बलक व जीव यांच्याशी त्याचा संबंध नसतो.

मग बाजारातील पांढऱ्या अंड्यातून पिलू का निघत नाही? व्यापारी अंडी-केंद्रांत पिंजऱ्यातील कोंबड्यांबरोबर कोंबडा ठेवीत नाहीत. त्यामुळे ती अंडी फलित नसतात. अशा केंद्रातील तांबूस अंड्यातूनही पिलू निघणार नाही. उलट, कोंबड्यासह पाळलेल्या लेगहॉर्नच्या पांढऱ्या अंड्यांतून पिले उत्तम निघतात. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक निरोगी कोंबडा असावा.

तथापि रंगाकडे सर्वस्वी दुर्लक्ष करणेही योग्य नव्हे. तांबूस अंडी घालणाऱ्या जातींच्या काही पाहण्यांत फिकट अंड्यांपेक्षा गडद अंड्यांतून पिले काहीशी अधिक निघाल्याचे आढळले आहे. नेहमी गडद अंडी देणारी कोंबडी एकाएकी फिकट अंडी देऊ लागली, तर वाढते वय, भीती, उन्हाचा ताण किंवा राणीखेत अर्थात मानमोडीसारखा रोग यांची शंका घ्यावी. फिकेपणा हे अपयशाचे कारण नसून लक्षण होय. अशा कोंबडीची अंडी उबवणीस ठेवू नयेत व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

उबवणीसाठी अंडी निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

1. अंडे मध्यम आकाराचे व सुडौल असावे. फार लहान, फार मोठे किंवा वेडेवाकडे अंडे घेऊ नये.

2. कवच जाड, गुळगुळीत व बिनतड्याचे असावे. पातळ कवचातून आतील पाणी लवकर उडून जाते.

3. अंडे मुळातच स्वच्छ असावे. पाण्याने धुतल्यास कवचावरील संरक्षक थर निघून जातो व सूक्ष्म छिद्रांतून जंतू आत शिरतात.

4. अंडे सात दिवसांपेक्षा जुने नसावे. यवतमाळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो. त्या काळात तीन-चार दिवसांच्या आतच अंडी बसवावीत. सुमारे 21 अंशांपेक्षा अधिक उष्णतेत अंड्यातील जीव अवेळी वाढू लागतो आणि दुबळा होऊन मरतो.

उन्हाळ्यात अंडी साठविण्यासाठी घराच्या थंड कोपऱ्यात ओल्या वाळूत मातीचे मडके अर्धे पुरावे. त्यात कोरडे गवत पसरून अंड्याचा रुंद भाग वर राहील अशी अंडी ठेवावीत व वर कापड झाकावे.

सातव्या-आठव्या दिवशी रात्री विजेरीच्या उजेडासमोर प्रत्येक अंडे धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे तांबड्या शिरा दिसल्यास जीव वाढत आहे असे समजावे. संपूर्ण स्वच्छ दिसणारे अंडे निष्फळ होय; रक्ताचे कडे दिसल्यास जीव मेलेला असतो. अशी अंडी काढून टाकावीत. तांबूस कवचातून उजेड कमी पडतो. म्हणून ती अंडी अधिक अंधारात तपासावीत.

ग्रामसेवकांनी ही तपासणी गावातील कोंबड्या पाळणाऱ्या भगिनींना एकदा प्रत्यक्ष करून दाखवावी. फलित, ताजे व भक्कम कवचाचे अंडे हेच उबवणीचे खरे बियाणे होय. मग ते पांढरे असो वा तांबूस.