फलकावर आकडा आहे, नावं कुठं आहेत? गावोगावच्या महायुद्ध स्मारकांची न सांगितलेली बाजू

सातारा : स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस आणि १६ डिसेंबरचा विजय दिवस. सैनिकी परंपरा असलेल्या गावांत या दिवशी स्मारकाभोवती सकाळीच सडा-रांगोळी होते, आजी-माजी सैनिक पदकं लावून येतात, शाळेची पोरं रांगेत उभी राहतात. पुष्पचक्र वाहिलं जातं, दोन मिनिटं शांतता पाळली जाते आणि हुतात्म्यांची नावं वाचली जातात.

ही नावं साधारण १९६२, १९६५, १९७१, श्रीलंका, कारगिल अशा क्रमाने येतात. त्याच आवारात, किंवा चावडीच्या नाहीतर जुन्या शाळेच्या भिंतीत, आणखी एक दगडी फलक बसवलेला असतो. त्याला हार घातला जातो, पण वाचायला त्यावर काही नसतं. कारण त्यावर नाव नाही, फक्त आकडा आहे.

फलक काय सांगतो?

पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रज सरकारने ज्या गावांतून जास्त भरती झाली तिथं असे फलक बसवले. सातारा, पुणे, रत्नागिरी या भागांत ते आजही दिसतात. मजकूर जवळजवळ सगळीकडे एकाच साच्याचा आणि इंग्रजीत आहे. अर्थ एवढाच, की या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावाचं नाव आणि दोन आकडे बदलायचे, बाकी तेच. सरकारी छापील फॉर्म भरावा तसं.

युद्ध तर १९१८ ला थांबलं, मग फलकावर १९१९ का, असं पोरं विचारतात. ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी ११ वाजता तोफा थांबल्या, पण व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला झाला. म्हणून त्या काळच्या अनेक स्मारकांवर १९१९ आहे.

सातारा तालुक्यातलं अपशिंगे हे यातलं सगळ्यांत माहितीचं उदाहरण. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जवान कामी आले असं सांगितलं जातं आणि गावाला 'अपशिंगे मिलिटरी' हेच नाव पडलं. आजही तिथल्या घराघरांत फौजी आहेत. अपशिंगेचं नाव राज्यभर झालं. पण ज्या गावाच्या फलकावर 'गेले ३०, मेले ४' असं काही आहे, तिथल्या त्या चौघांना कोण विचारतो?

ते गेले कुठं?

मराठा पलटणींतले बरेच जवान मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनमधून तिथं गेल्या. बगदादकडे निघालेली ही फौज मागे हटली आणि कूत या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला. (योगायोग असा, की ७ डिसेंबर हाच आता आपला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे.) जवळपास पाच महिने वेढा चालला. धान्य संपलं, घोडे कापायची वेळ आली. घोड्याचं मांस खायला अनेक हिंदी शिपाई तयार होईनात. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यानंतर वाळवंटातली पायपीट आणि कैद. लढाईत गेले त्याहून कितीतरी जास्त या पायपिटीत आणि छावण्यांत गेले.

एक गोष्ट समारंभाच्या भाषणांत सहसा येत नाही. फलकावरचा आकडा एकाच आळीचा असेल असं धरून चालू नये. महारांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली होती. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज संपल्यावर ती पुन्हा मोडली. त्यामुळे 'आमच्या गावचे कोण गेले होते' ही चौकशी पाटलाच्या वाड्यापाशी संपवून भागत नाही. वस्तीवर, बाराबलुतेदारांच्या घरीही विचारावं लागतं.

चार ठिकाणी नाव शोधलं तरी सापडत नाही

कूतला गेलेल्या शिपायाचं नाव नेमकं कुठं कोरलंय, हे बघायला गेलं तर हाती निराशा येते.

दिल्लीतलं राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. तिथं स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची नावं आहेत, त्यामुळे हा शिपाई तिथं नाही. पुण्याच्या कॅम्पातलं, लोकवर्गणीतून उभं राहिलेलं युद्धस्मारकही स्वातंत्र्यानंतरच्या जवानांचंच. इंडिया गेट ७० हजारांहून अधिक हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलं, पण त्यावर कोरलेली नावं १३ हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांत वायव्य सरहद्दीवर आणि अफगाण युद्धात पडलेलेच बहुतेक.

राहिलं बसऱ्याचं स्मारक. मेसोपोटेमियात पडलेल्या, कबर माहीत नसलेल्या ४० हजारांहून अधिक सैनिकांसाठी ते उभारलं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपाई, नाईक, हवालदार यांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीत हे स्मारकच मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, सुमारे ३२ किलोमीटर लांब नेलं गेलं. म्हणजे नावही नाही आणि जागाही मूळची नाही.

ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं १९१७ पासूनचं तत्त्व असं, की हुद्दा, वंश, धर्म न बघता प्रत्येक मृत सैनिकाचं स्मरण सारखंच व्हावं. हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांच्या बाबतीत ते पाळलं गेलं नाही, हे कमिशनच्याच समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात मान्य केलं आणि कमिशनने माफी मागितली.

याच्या उलट रायगड जिल्ह्यातलं उदाहरण आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला, दुसऱ्या महायुद्धात इटलीत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने छायाघड्याळाचं स्मारक झालं. पदक मिळालं म्हणून नाव राहिलं. त्यांच्यासोबत गेलेल्या साध्या शिपायांची नावं आपल्या किती जणांना ठाऊक आहेत?

नावं मिळू शकतात

दगडावर नसली तरी नावं पुरती हरवलेली नाहीत, कमिशनच्या नोंदवहीत ती आहेत. संकेतस्थळावर कोणालाही ती फुकट शोधता येतात. अनेक नोंदींत शिपायाचं नाव, पलटण, मृत्यूची तारीख, बापाचं नाव आणि पुढे गाव, तालुका, जिल्हा, मुंबई इलाखा एवढं सगळं असतं. गावातल्या कॉलेजच्या एखाद्या पोराने दोन-चार दुपारी मोबाइल घेऊन बसायचं काम आहे.

अडचण स्पेलिंगची येते. कारकुनाच्या कानाला जे लागलं ते त्याने इंग्रजीत लिहिलं. म्हणून गावाचं नाव तीन-चार प्रकारे टाकून बघावं लागतं. 'शिंदे', 'जाधव', 'पवार' अशी नावं शेकड्यांनी निघतात, तेव्हा बापाचं नाव आणि तालुका जुळल्याशिवाय 'हे आमचेच' म्हणू नये. घरात जुनं पदक असेल तर त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. नोंद पटवायला हा सगळ्यांत पक्का पुरावा. पितळ म्हणून मोडीत घालण्याआधी एकदा कडा बघावी. पेन्शनचे कागद, जुन्या पत्रांवरचे शिक्के हेही कामाला येतात.

सापडलेली नावं थेट जुन्या दगडावर कोरू नयेत. तो दगड शंभर वर्षांचा दस्त आहे, जसा आहे तसाच राहू द्यावा. त्यावर ऑइलपेंट मारणं तर टाळावंच. काही उत्साही मंडळी दरवर्षी रंग देतात आणि अक्षरं बुजत जातात. नावांसाठी ग्रामसभेत ठराव करून शेजारी वेगळा मराठी फलक लावता येतो. माजी सैनिक संघटना आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांना सोबत घेतलं तर नावं पडताळणं सोपं जातं.

समारंभात काय बदलावं?

फार काही नाही. सैन्याच्या शिरस्त्यात 'शोक शस्त्र' झाल्यावर बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजतो, मग दोन मिनिटं शांतता आणि त्यानंतर 'राउज'. ही शांतता ११ नोव्हेंबर १९१९ पासून, म्हणजे याच महायुद्धातल्या मृतांसाठी सुरू झाली. आपल्याकडे ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता हुतात्म्यांसाठी पाळतात तीही दोनच मिनिटं. गावात बिगुल नसेल तर शाळेच्या बँडचा ढोल किंवा भोंगा चालतो. मात्र दोन मिनिटं म्हणजे घड्याळात दोन मिनिटं. पाहुण्यांना उशीर झाला म्हणून वीस सेकंदांत उरकणं बरं दिसत नाही.

नावं वाचताना सुरुवात १९६२ पासून न करता १९१४ पासून करावी. फलकावरचा आकडा आधी वाचावा, मग त्यातली जेवढी नावं पक्की झालीत तेवढी, बापाच्या नावासकट. चौघांपैकी दोनच सापडले असतील तर दोन नावं वाचून 'आणि आणखी दोघे' म्हणावं. वीरपत्नी, वीरमातांचा सत्कार होतोच. त्या रांगेत महायुद्धातल्या शिपायाच्या पणतूलाही एक खुर्ची द्यावी. घरची आठवण असलेली शेवटची पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. आजोबांनी सांगितलेलं पलटणीचं नाव, आणि 'बसऱ्याहून पत्र यायचं' एवढंच ज्यांना आठवतंय, त्यांच्याकडून ते पुढच्या १६ डिसेंबरच्या आत लिहून घ्यायला हवं.