बटण दाबले, पण उत्तर नाही

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ऑगस्ट 2020 मध्ये बाजारात आणलेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या व्हिडिओ गेमची नायिका जत्रेत कसरती करणारी एक पोर आहे. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. आई-वडील खेळात कुठे दिसत नाहीत. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याबद्दल बोलत राहतात, शस्त्रे पुरवतात. पण खाली जमिनीवर गोलूचे या जगात दुसरे कोणी नाही.

वाटेत काही कोडी लागतात. फिरत्या चकत्यांवर चित्राचे तुकडे विखुरलेले असतात. ते जुळवले की राजीच्या मनातला गोलूबरोबरचा एखादा जुना क्षण उभा राहतो. या आठवणींत ती कायम सांभाळणारी आहे, तिला कोणी सांभाळत नाही. आईबापांची जागा रिकामी राहिली की घरातले मोठे भावंड ती भरून काढते, हे मानसशास्त्राने बारकाईने अभ्यासले आहे. अशी मुले लवकर जबाबदार होतात, दुसऱ्याचा चेहरा चटकन वाचतात. स्वतःला काय हवे, हे मात्र त्यांना सांगता येत नाही. राजी संपूर्ण खेळात स्वतःसाठी काहीच मागत नाही. थोरली बहीण म्हणजे दुसरी आई, असे मराठी घरांत कौतुकाने म्हटले जाते. त्या कौतुकाची किंमत त्या बहिणीने मोजलेली असते.

आईबापांचे दुर्लक्ष नेमके कसे घडते, हे दाखवणारा सर्वांत नेटका प्रयोग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात केला. आई आणि तान्हे बाळ समोरासमोर बसतात. आधी नेहमीसारखे खेळणे: बाळ हुंकारते, आई हुंकारते, थोडे मोठे बाळ बोट दाखवते, आई तिकडे बघते. मग आई क्षणभर मान वळवते आणि परत समोर बघते, ती निर्विकार चेहऱ्याने. ती रागावत नाही, उठून जात नाही, फक्त प्रतिसाद देत नाही. बाळाच्या हे लगेच ध्यानात येते. ते हसून बघते. मोठी बाळे बोट दाखवतात, दोन्ही हात पुढे करतात, किंचाळतात. काहीच चालत नाही असे दिसल्यावर बाळ मान फिरवते, अंग टाकून देते, रडू लागते. हे सारे दोन-तीन मिनिटांत उरकते आणि आई पुन्हा हसू लागते.

व्हिडिओ गेम बनवणाऱ्याला हा प्रयोग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. बटण दाबल्यावर पडद्यावर काही हलले नाही, तर खेळणारा ते पुन्हा दाबतो, जोरात दाबतो, दुसरी बटणे दाबून पाहतो आणि शेवटी कंट्रोलर खाली ठेवतो. बाळही अगदी याच क्रमाने जाते, फक्त त्याला खेळ सोडून उठता येत नाही. आपल्या करण्याने जगात काही घडते, हा विश्वास त्याला अशाच हजारो छोट्या देवाणघेवाणींतून मिळतो. दुर्लक्ष म्हणजे ही देवाणघेवाण बंद पडणे. त्यात मारहाण नसते, आरडाओरडा नसतो, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

ट्रॉनिक यांच्याच निरीक्षणांतली दुसरी गोष्ट पालकांना धीर देणारी असूनही फारशी सांगितली जात नाही. निरोगी जोड्यांतही आई आणि बाळ यांचे सूर जेमतेम 30 टक्के वेळ जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकण्यात आणि पुन्हा जुळवून घेण्यात जातो, आणि हे पुन्हा जुळणेच महत्त्वाचे असते.

‘गॉड ऑफ वॉर’ या मालिकेच्या 2018 च्या खेळात हे शास्त्र थेट खेळणाऱ्याच्या बोटांपर्यंत पोचले आहे. दिग्दर्शक कोरी बार्लोग यांनी त्यात क्रेटॉस हा योद्धा आणि त्याचा मुलगा एट्रियस यांना आईच्या अस्थी घेऊन प्रवासाला धाडले. बाप आजवर बराच काळ घराबाहेरच राहिलेला; मुलगा आईने वाढवलेला. क्रेटॉस मुलाला नावाने क्वचितच हाक मारतो, ‘बॉय’ म्हणतो. सुरुवातीच्या एका प्रसंगात दुःखी मुलाच्या पाठीवर ठेवायला त्याचा हात पुढे होतो, अधांतरी थांबतो आणि मागे येतो. मुलाची पाठ त्याच्याकडे असते, त्यामुळे हे त्याला दिसत नाही, खेळणाऱ्याला दिसते.

बाप आपल्याला दुबळा समजतो, अशी एट्रियसची ठाम समजूत होते. प्रतिसाद न मिळालेले मूल कारण स्वतःतच शोधते, हे इथे अचूक आले आहे. पुढे आपण देवकुळातले आहोत हे कळताच तो उर्मट आणि क्रूर होतो. इतके दिवस कोणी किंमत न दिलेल्या मुलाच्या हाती अचानक मोठेपण आल्यावर घडते, तसेच हे घडते.

या खेळात एक बटण मुलाला बाण सोडायला सांगण्यासाठी आहे. सुरुवातीला त्या बाणांचा फारसा उपयोग नसतो. हळूहळू त्यांच्यावाचून लढणे अवघड होते. मग मुलगा आजारी पडतो आणि बापाला एकट्याने पुढे जावे लागते. सवयीने बोट त्या बटणावर जाते आणि काहीच घडत नाही. ट्रॉनिक यांच्या प्रयोगातल्या बाळाची जागा इथे बापाने, म्हणजेच खेळणाऱ्याने घेतलेली असते. कोणताही संवाद लिहून हे साधले नसते.

एडमंड मॅकमिलन यांच्या ‘द बाइंडिंग ऑफ आयझॅक’ (2011) या खेळात वडील घरात नाहीत, आईच्या भीतीने मुलगा तळघरात लपला आहे आणि त्याचे अश्रू हेच त्याचे हत्यार आहे. तिथेही मन कथेपेक्षा कृतीतच उतरले आहे.

बहुतेक खेळांत मात्र पालकांचे दुर्लक्ष स्वस्तात वापरले जाते. शेवटच्या लढाईआधी खलनायकाच्या उदास बालपणाची दोन मिनिटांची चित्रफीत लावली की काम झाले, असे मानले जाते. बालपणी दुर्लक्ष झाले म्हणून माणूस दुष्ट झाला, या समीकरणाला विज्ञानाचा आधार नाही आणि अशा बालपणातून बाहेर आलेल्या असंख्य माणसांवर तो अन्याय आहे. मराठी वाचकाला इथे कर्ण आठवेल. पण कर्णाला कुंतीने जन्मतःच नदीत सोडले, तरी लगेच राधेची कूस मिळाली. ‘राधेय’ हे नाव त्याने अभिमानाने मिरवले. त्याला छळणारी जखम सूतपुत्र म्हणून झालेल्या अपमानाची आहे. दुर्लक्षाची म्हणावी, तर दुर्लक्षाच्या परिणामांबद्दलच्या पुराव्यात ती बसत नाही.

हा पुरावा मुख्यतः रुमानियातून आला. हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट 1989 मध्ये कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांतील हजारो मुले जगापुढे आली. एकेका दाईकडे कितीतरी मुले होती. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टमधील 136 मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून पालनकर्त्या कुटुंबांत ठेवली. घरात गेलेल्यांची बुद्धी, मेंदूच्या विद्युतलहरी, माणसांशी जडणारे नाते, सगळेच सुधारले; वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधी घर मिळालेल्यांचे सर्वाधिक. अनाथालयातली काही मुले कोणाही अनोळखी माणसाचा हात धरून चालू लागत. हे कोरडे, चिवट वास्तव खेळांत क्वचितच दिसते.

अनाथालय आणि पाळणाघर यांत मात्र गल्लत नको. पुण्याच्या मारुंजी, हिंजवडी, वाकड या पट्ट्यात आई-वडील दोघेही कंपनीत आणि मूल दिवसभर पाळणाघरात, हा सर्रास दिसणारा संसार आहे. अशा आई-वडिलांच्या मनात अपराधभाव पेरणाऱ्यांसाठी आणखी एक अभ्यास सांगायला हवा. अमेरिकेतील राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेने 1991 पासून 1,364 मुलांचा मागोवा घेतला. मूल पाळणाघरात जाते एवढ्यावरून त्याचे आईशी नाते बिघडल्याचे आढळले नाही. घरी आई बाळाच्या खुणांना किती ओळखून उत्तर देते, यावर ते नाते अधिक अवलंबून होते. आईची संवेदनशीलता कमी आणि त्यात पाळणाघरही निकृष्ट, तेव्हा धोका वाढला.

राजी आणि गोलूसारखी भावंडे महाराष्ट्रात खरोखर आहेत. अनाथ किंवा एकच पालक उरलेल्या मुलांना संस्थेऐवजी कुटुंबात वाढवता यावे म्हणून राज्याची बालसंगोपन योजना दरमहा अनुदान देते. त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. ओळखीत असे मूल असेल, तर त्याच्या आजीला, मामाला किंवा थोरल्या बहिणीला हे जरूर कळवावे.