छोट्या मोटारीतील प्रज्वलनभंग आणि त्याचे निदान

अंतर्ज्वलन इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण योग्य क्षणी पेटले नाही, किंवा अर्धवटच पेटले, तर त्या दोषास प्रज्वलनभंग अर्थात मिसफायर म्हणतात. गॅरेजमध्ये त्यालाच ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. मारुती ८०० पासून आजच्या अनेक छोट्या मोटारींपर्यंत तीन सिलिंडरांचे इंजिन रूढ असल्याने येथे तेच प्रमाण मानले आहे. या इंजिनातील एक सिलिंडर निकामी झाला की सुमारे एकतृतीयांश शक्ती नाहीशी होते आणि उरलेल्या दोहोंवर इंजिन असे हादरते की स्टीअरिंग व आरसे थरथरू लागतात.

चार धावांचे एक आवर्तन भुजादंडाच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, दोन फेऱ्यांत पुरे होते. त्यामुळे तीन सिलिंडर २४० अंशांच्या अंतराने पाळीपाळीने पेटतात. मारुती ८०० मध्ये हा क्रम १-३-२ असा आहे. इंजिन मिनिटाला ८५० फेऱ्यांनी मंद चालत असताना प्रत्येक सिलिंडर सेकंदाला सुमारे सात वेळा पेटतो. एकच सिलिंडर सतत चुकत असेल, तर जाणवणारा धक्काही याच लयीत येतो. अनुभवी मेकॅनिक सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून ही लय ओळखतात; ही परीक्षा आजही अगदीच टाकाऊ ठरलेली नाही.

विद्युत ठिणगीने इंधन पेटविण्याची कल्पना लन्वार यांच्या १८६० च्या वायुइंजिनात दिसते. पुढे बॉश कंपनीतील होनोल्ड यांनी उच्चदाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली. तिचे एकस्व १९०२ सालचे आहे. नंतर केटरिंग यांच्या पद्धतीने बॅटरी, कॉइल, पॉइंट व डिस्ट्रीब्युटर ही मांडणी अनेक दशके राज्य करून गेली. आज बहुधा प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते आणि बॅटरीच्या १२ व्होल्टपासून सुमारे २० ते ३० हजार व्होल्टचा दाब निर्माण करते.

कारणांचे वर्गीकरण तीन गटांत होते: ठिणगीचे दोष, मिश्रणाचे दोष आणि संपीडनाचे, म्हणजे कॉम्प्रेशनचे, दोष. निदानाच्या दृष्टीने मात्र त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा असतो. दोष एकाच सिलिंडरला चिकटून आहे, की सर्वांमध्ये फिरतो? एकाच सिलिंडरचा दोष बहुतेक वेळा त्याच्याच प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा झडपेत असतो. फिरत्या दोषाचे मूळ पेट्रोलचा कमी दाब किंवा मॅनिफोल्डच्या फटीतून शिरणारी हवा अशा सामाईक ठिकाणी शोधावे लागते.

हा पहिला प्रश्न आता गाडीतील संगणक सोडवतो, आणि त्याची रीत खरोखर कौतुकास्पद आहे. तो स्फोट पाहत नाही; भुजादंडाचा वेग पाहतो. प्रत्येक ज्वलनानंतर दंडाचा वेग किंचित वाढतो. एखाद्या सिलिंडरच्या पाळीला ही वाढ झाली नाही, की तेथे नोंद होते. अमेरिकेत १९९६ पासून आणि भारतात बीएस-४ मोटारींना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही स्वनिदान पद्धती लागू झाली. तीत पी०३०१, पी०३०२, पी०३०३ हे संकेतांक अनुक्रमे पहिला, दुसरा, तिसरा सिलिंडर दर्शवितात. पी०३०० फिरत्या दोषाचा असतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांकडून येणारे हिसकेही भुजादंडाचा वेग बदलतात, म्हणून खराब रस्ता ओळखण्याची सोय काही मोटारींत वेगळी ठेवावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर तिची उपयुक्तता निराळी सांगायला नको.

संकेतांक सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. तरीही तो वाचताच नवी कॉइल बसविणारे पुष्कळ आढळतात. हा अंदाज झाला, निदान नव्हे. योग्य रीत अदलाबदलीची आहे. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर बसवून गाडी पुन्हा चालवावी. पी०३०१ जाऊन पी०३०२ आला, तर कॉइल दोषी. तो जागच्या जागी राहिला, तर प्लगबाबत हेच करून पाहावे. जुन्या डिस्ट्रीब्युटरच्या गाडीत चालू इंजिनाच्या प्लगची वायर काढून फेऱ्या घटतात का ते पाहत. घटल्या नाहीत, तर तोच सिलिंडर मृत. कॉइल थेट प्लगवर असलेल्या गाडीत हा प्रयोग करू नये, कारण कॉइल जळू शकते व जोराचा धक्काही बसतो. तेथे इंजेक्टरची जोडणी सोडविणे सुरक्षित.

काढलेला प्लगही बरेच सांगतो. कोरडी काजळी अतिसमृद्ध मिश्रणाची, ओले पेट्रोल न पडलेल्या ठिणगीचे आणि तेलकट थर झिजलेल्या रिंगांचा किंवा वाल्व्ह सीलचा सूचक असतो. ठिणगी व इंधन निर्दोष ठरले, तर कॉम्प्रेशन मोजावे. दाब कमी भरल्यास सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंग झिजल्या; न वाढल्यास झडप किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच उतरलेले असतील, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटल्याचा संशय बळावतो.

दोष अंगावर काढणे महाग पडते. न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकी परिवर्तकात, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, जाऊन पेटते आणि त्याची चिनी मातीची जाळी वितळू शकते. लुकलुकणारा चेक इंजिन दिवा त्याचाच इशारा देतो. भरीस भर म्हणजे न वापरलेला प्राणवायू ऑक्सिजन सेन्सरला फसवितो. मिश्रण विरळ आहे असे समजून संगणक आणखी पेट्रोल सोडतो.

मुंबई-पुण्याकडे सीएनजीवरील छोट्या गाड्या पुष्कळ असल्याने एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. वायूचे मिश्रण पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते. म्हणून थकलेला प्लग पेट्रोलवर निभावतो आणि सीएनजीवर प्रथम उघडा पडतो. शिवाय कोरड्या वायूवर झडपांच्या बैठका लवकर झिजतात, टॅपेटची फट घटते आणि गरम इंजिनात झडप पूर्ण मिटत नाही. अशा वेळी कितीही प्लग बदलले तरी गुण येत नाही; टॅपेटची फट मोजूनच पुढचा निर्णय घ्यावा.