द्यूतगृहे, पर्यटन आणि राज्याचे उत्पन्न

द्यूतापासून राज्याने कर घ्यावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाची योजना असून, नियत स्थळीच खेळ चालवून जिंकलेल्या रकमेचा शेकडा ५ भाग त्याने राजासाठी घ्यावा, असे सांगितले आहे. मात्र केवळ महसूल हाच तेथील हेतू नव्हे. चोरट्या मार्गाने उपजीविका करणाऱ्यांचा माग लागावा, हाही होता. आधुनिक काळात 'कॅसिनो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्यूतगृहांच्या बाजूने मात्र महसूल व पर्यटन ही दोनच कारणे प्रामुख्याने पुढे केली जातात. ती कितपत टिकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. मध्य प्रांतादी प्रदेशांसाठी १८६७ साली आणि मुंबई इलाख्यासाठी १८८७ साली जे अधिनियम झाले, त्यांचा रोख जुगार रोखण्याकडे होता. राज्यघटनेने पैजा व जुगार हा विषय राज्यांकडे सोपविला. द्यूत हा व्यापार नसल्याने व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण त्यास मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला प्रकरणात दिला. पुढे १९७६ साली दोन शेजारी प्रदेशांनी या विषयावर कायदे केले. महाराष्ट्राने कॅसिनोंचे नियंत्रण व त्यांवरील कर यांसाठी अधिनियम संमत केला. परंतु तो कधीही अंमलात आणला गेला नाही आणि अखेर २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. गोव्याचा त्याच वर्षीचा कायदा मुळात प्रतिबंधक होता. पण १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत खेळाची यंत्रे ठेवण्यास, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पटावरील खेळ चालविण्यास वाट मोकळी झाली. मांडवीच्या पात्रातील कॅसिनो-नौका हे त्याचेच फळ होय.

द्यूतगृहापासून होणारा लाभ सामान्यतः चार सदरांखाली मांडतात : परवाना शुल्क व कर, नोकरांचे वेतन, स्थानिक खरेदी, आणि पर्यटकांचा निवास, भोजन व वाहने यांवरील खर्च. ही बेरीज मोठी दिसते. पण एकूण उलाढाल आणि अर्थव्यवस्थेत पडलेली निव्वळ भर या दोन भिन्न गोष्टी आहेत. निव्वळ भर काढताना तीन वजावटी कराव्या लागतात : एक, जो पैसा अन्यथा स्थानिक बाजारातच खर्च झाला असता तो, दोन, मालकांच्या नफ्याच्या रूपाने राज्याबाहेर जाणारा पैसा, आणि तीन, कर्जबाजारीपणा, व्यसन व पोलीस बंदोबस्त यांपायी समाजावर पडणारा भार.

पहिली वजावट समजण्यास जवळचेच उदाहरण घेऊ. भंडारा जिल्ह्यातील सानगडी हे जुन्या किल्ल्याचे गाव. या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, रात्री नाटके होतात. अशा गावातील शेतकऱ्याने धानाच्या पैशातील काही रक्कम मंडईत खर्च केली, तर ती मिठाईवाला, खेळणीवाला व नाटकमंडळी यांच्यात वाटली जाते. तीच रक्कम तो द्यूतात हरला, तर द्यूतगृहाच्या वहीत उत्पन्न वाढते. पण मंडईतील उत्पन्न तितकेच घटते. गावाच्या संपत्तीत भर पडत नाही. पैशाचा हात तेवढा बदलतो. उलट, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प पाहावयास आलेला परगावचा प्रवासी येथे जे खर्च करतो, ती खरी भर होय.

सारांश, द्यूतगृहाचे योगदान किती, हा प्रश्न अंती 'खेळणारा कोण?' या प्रश्नाशी येऊन ठेपतो. राज्यकर्त्यांनाही हे तत्त्व अपरिचित नाही. गोव्याने २०२० पासून स्थानिक रहिवाशांना कॅसिनोत प्रवेशबंदी केली. सिंगापूरमध्ये २०१० साली दोन कॅसिनो उघडले, तेव्हा परदेशी पाहुण्यास प्रवेश विनाशुल्क असून नागरिकास मात्र दिवसाला १०० डॉलर भरावे लागत. २०१९ मध्ये ते १५० करण्यात आले.

तथापि गोव्याचे उदाहरणही सावधपणे वाचले पाहिजे. जो प्रवासी समुद्रकिनाऱ्यासाठी येणारच होता, त्याचा सगळा खर्च कॅसिनोच्या खाती जमा करणे योग्य नव्हे. शिवाय २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर कराचे सूत्र राज्याच्या एकट्याच्या हाती राहिलेले नाही. खेळाच्या चकत्या घेण्यासाठी भरलेल्या संपूर्ण रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून शेकडा २८ आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा ४० असा कर ठरला. त्याचा अर्धा हिस्सा केंद्राकडे जातो. परवाना शुल्क तेवढे राज्याच्या स्वाधीन आहे.

अशा उत्पन्नावर विसंबण्याचा धोका मकावने दाखवून दिला. तेथील शासनाचे बहुतांश उत्पन्न द्यूतावरील करातून येत असे. २०२० मध्ये साथीमुळे प्रवासी थांबले आणि द्यूतगृहांचे उत्पन्न एका वर्षात सुमारे शेकडा ७९ नी घटले. गोव्यातही २०१२ व २०१८ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. एकाच उद्योगावर भिस्त ठेवल्याचे परिणाम त्या राज्याने अन्य मार्गाने अनुभवले आहेत.

आता महाराष्ट्राकडे वळू. आमचा पैसा गोव्यात जातो, तो येथेच राहावा, असा युक्तिवाद करता येईल. तो आजच्या खेळणाऱ्यांपुरता खरा आहे. पण द्यूतगृह घराजवळ आले की जे आज खेळत नाहीत तेही खेळू लागतात, हे त्यात गृहीत धरलेले नसते. मुंबई-पुण्यासारख्या लोकवस्तीच्या नगरांत गिऱ्हाईक बहुधा आपलेच नागरिक असणार. तेव्हा तो पर्यटन-उद्योग न राहता, घरखर्चावर बसविलेला आणि जिंकण्याच्या आशेपोटी आपखुशीने भरला जाणारा एक कर होईल. संपूर्ण देशाचा विचार केला, तर परदेशी प्रवाशांचा वाटा सोडून बाकी सारे एका राज्याच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेले धन होय.

म्हणून ज्या अहवालात केवळ उलाढाल व रोजगार यांचे आकडे आहेत, पण खेळणारे कोठून आले व त्यांनी अन्यत्र काय खर्च केले असते याची नोंद नाही, तो अहवाल धोरणाचा आधार होऊ शकत नाही. राज्याचा लाभ आणि तिजोरीचा लाभ हे एकच आहेत असे मानण्याची चूक अभ्यासकांनी तरी टाळली पाहिजे.