फाईल आली की प्रिंट आपोआप! पण सेटिंग चुकलं तर सातबारा अडतो; वाचा सविस्तर

अहिल्यानगर : जून उजाडला की गावोगावच्या झेरॉक्स दुकानांत आणि आपले सरकार केंद्रांवर गर्दी होते. कुणाला पीककर्जासाठी सातबारा आणि आठ-अ हवा असतो, कुणाला मुलाच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला, तर कुणाला बँकेत द्यायला आधारची प्रत. गिऱ्हाईक मोबाईलवरून फाईल पाठवतं. चालक ती कॉम्प्युटरवर उघडतो, प्रिंटर निवडतो, पानं निवडतो, बटण दाबतो. दिवसभर हेच चालू.

हा व्याप कमी करायला आपोआप प्रिंट काढणारं सॉफ्टवेअर मिळतं. फाईल आली की कागद बाहेर. पण हे सॉफ्टवेअर बटण दाबायचं काम करतं, कागद बरोबर आहे का हे बघायचं काम करत नाही. तो फरक लक्षात न घेता ते बसवलं तर फुकटचा, सही नसलेला सातबारा घेऊन शेतकरी बँकेत जातो आणि हात हलवत परत येतो. किंवा एकाचं आधार दुसऱ्याच्या कागदांत जातं. म्हणून दुकान चालवणाऱ्यांनी आणि प्रिंट काढायला जाणाऱ्यांनीही हे समजून घेतलेलं बरं.

हे सॉफ्टवेअर करतं काय?

दूध संकलन केंद्रावर वजन झालं, फॅट लागली की पावती आपोआप बाहेर येते. तसाच हा प्रकार. कॉम्प्युटरवर एक फोल्डर ठरवून द्यायचा. सॉफ्टवेअर त्या फोल्डरवर सतत लक्ष ठेवतं. त्यात नवी फाईल पडली की ती ठरलेल्या प्रिंटरकडे पाठवतं आणि छापून झाली की दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवतं. काही सॉफ्टवेअर ईमेलला जोडून आलेल्या फाईलसुद्धा अशाच छापतात.

'फोल्डरमिल'सारखी सॉफ्टवेअर याच कामासाठी आहेत. 'सुमात्रा पीडीएफ' हे मोफत सॉफ्टवेअरही आज्ञा दिली की फाईल न उघडता छापतं, पण ती आज्ञा लिहून द्यायला थोडा जाणकार लागतो. विकत घ्यायच्या आधी चाचणीची आवृत्ती वापरत असाल तर छापलेल्या पानावर सॉफ्टवेअरचं नाव किंवा शिक्का उमटतोय का ते बघा. तसा कागद बँकेत देऊ नका.

बसवताना हा क्रम ठेवा

१. आधी हातानं प्रिंट काढून बघा. साधी प्रिंट निघत नसेल तर आपोआपची कुठून निघणार?

२. वेगळा फोल्डर करा. डाउनलोडचा फोल्डर लक्ष ठेवायला कधीच देऊ नका. त्यात विजेचं बिल, फोटो, सगळंच पडतं आणि सगळंच छापलं जातं. फोल्डर डी ड्राइव्हमध्ये करा, नाव इंग्रजीत आणि छोटं ठेवा. डेस्कटॉपवरचा फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हला जोडलेला असतो, तिथं फाईल दिसते पण प्रत्यक्षात इंटरनेटवर असते.

३. व्हॉट्सॲप वेबवरून आलेली फाईल आधी उघडून बघा, मगच त्या फोल्डरमध्ये टाका. ही एक पायरी माणसाच्याच हातात राहू द्या.

४. फक्त पीडीएफ छापा, अशी अट घाला. ब्राउझरमध्ये फाईल उतरत असताना तिचं तात्पुरतं अर्धवट रूप तयार होतं. अट नसेल तर सॉफ्टवेअर तेच उचलतं आणि चूक दाखवतं. फाईल आल्यावर पाच-दहा सेकंद थांबायची सोय असेल तर तीही चालू करा.

५. कागद 'ए-फोर' निवडा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला अमेरिकी 'लेटर' माप असतं. ते थोडं रुंद आणि आखूड. मग ट्रेमध्ये कागद असूनही प्रिंटर दिवा लुकलुकवत दुसऱ्या कागदाची वाट बघत बसतो.

६. 'छापल्यावर फाईल हलवा' हे चालू करा. नाहीतर कॉम्प्युटर पुन्हा चालू केला की जुन्या फाईली परत छापल्या जातात आणि सकाळी सकाळी कागदाचा ढीग पडतो.

७. कॉम्प्युटरचं झोपणं बंद करा. पॉवरच्या सेटिंगमध्ये 'स्लीप'समोर 'नेव्हर' निवडा. कॉम्प्युटर झोपला की सॉफ्टवेअरही झोपतं. विंडोजबरोबर ते आपोआप सुरू होईल असंही करून ठेवा.

रंगीत, काळी-पांढरी आणि दोन्ही बाजूंची प्रिंट यासाठी तीन वेगळे फोल्डर केले तर आणखी सोपं जातं. फाईल ज्या फोल्डरमध्ये टाकाल तशी ती निघेल.

प्रिंट निघत नाही? पाटाचं पाणी बघतो तसं बघा

शेतात पाणी पोचलं नाही तर आपण वाफ्यापासून चारीकडे आणि चारीपासून कालव्याकडे बघत जातो. पाणी कुठं अडलंय ते सापडतंच. प्रिंटचंही तसंच. फाईल, फोल्डर, रांग, प्रिंटर, कागद एवढीच वाट आहे.

फाईल फोल्डरमध्येच पडून आहे : सॉफ्टवेअर चालू आहे का ते बघा. चालू असेल तर त्यात दिलेला फोल्डर तोच आहे का ते तपासा. फाईल पासवर्डची असेल तरीही ती तिथंच अडते. ई-आधारची पीडीएफ पासवर्डशिवाय उघडत नाही. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि जन्माचं वर्ष, असा तो पासवर्ड असतो. आपोआप प्रिंटवाल्याला तो माहीत नसतो, म्हणून ई-आधार हातानंच उघडून छापायचं.

फाईल गेली, पण रांगेत अडकली : प्रिंटरच्या रांगेत एक काम अडकलं की मागची सगळी थांबतात. आधी ते रद्द करून बघा. हटत नसेल तर विंडोजच्या शोधखिडकीत इंग्रजीत 'सर्व्हिसेस' लिहा, यादीत 'प्रिंट स्पूलर' शोधा आणि तो 'स्टॉप' करा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम-३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाईली काढून टाका. फोल्डर मात्र काढू नका. नंतर स्पूलर परत 'स्टार्ट' करा. प्रिंटर बंद करून चालू करण्यापेक्षा हा उपाय खात्रीचा आहे.

प्रिंट भलत्याच प्रिंटरवर जाते : विंडोज स्वतःच मुख्य प्रिंटर बदलत राहतं. शेवटी जो वापरला तो मुख्य. प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या सेटिंगमध्ये 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' हा पर्याय बंद करा आणि आपला प्रिंटर स्वतः निवडा. दुसरी गोष्ट, यूएसबीची वायर दुसऱ्या खाचेत लावली की त्याच प्रिंटरची 'कॉपी १' नावाची नवी नोंद तयार होते आणि जुनी 'ऑफलाइन' दिसते. सॉफ्टवेअर जुन्यालाच हाका मारत राहतं. वायर कायम एकाच खाचेत ठेवा.

वायफाय प्रिंटर लाईट गेल्यावर सापडत नाही : राउटर बंद पडून चालू झाला की प्रिंटरला कधी कधी नवा पत्ता देतो. इंटरनेट जोडून देणाऱ्याला सांगून राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा ठरवून घ्या. शक्य असेल तिथं वायरच बरी.

मराठी अक्षरांऐवजी खुणा निघतात : वर्डची फाईल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट दुकानातल्या कॉम्प्युटरवर नसतो. अर्ज, ठराव, प्रतिज्ञापत्र जिथं टाइप केलं तिथंच त्याची पीडीएफ करून घ्या.

कागद अडकतो : भंडारदरा, राजूरच्या पट्ट्यात पावसाळ्यात कागद ओल धरतो. रिम उघडी ठेवू नका, लागेल तेवढेच कागद ट्रेमध्ये घाला. आणि लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. कागदावर शाई पक्की करण्यासाठी तो तापतो तेव्हा एकदम जास्त वीज ओढतो, ते छोट्या यूपीएसला झेपत नाही.

सातबारा : कोणती प्रिंट चालते?

महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो, पण तो फक्त माहितीसाठी असतो. त्यावर डिजिटल सही नसते. बँकेला, सोसायटीला द्यायचा सातबारा डिजिटल सहीचा हवा. राज्यात तो १ मे २०१८ पासून मिळू लागला. एका उताऱ्याला सरकारी शुल्क १५ रुपये आहे. डिसेंबर २०२५ मध्ये महसूल विभागानं स्पष्ट केलं, की डिजिटल सही, क्यूआर कोड आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असलेला सातबारा, आठ-अ आणि फेरफार कायदेशीर कामांसाठी ग्राह्य आहे. त्यावर तलाठ्याचा वेगळा सही-शिक्का लागत नाही.

आपोआप प्रिंटला यातला फरक कळत नाही. दोन्ही पीडीएफ, दोन्ही कागद. म्हणून छापून आल्यावर तीन गोष्टी बघा : गट नंबर आपलाच आहे का, पडताळणी क्रमांक पूर्ण वाचता येतो का आणि क्यूआर कोड मोबाईलनं स्कॅन होतो का. टोनर संपत आला की कोड फिका निघतो. पान फार लहान करून छापलं तरी कोड वाचला जात नाही. छापील कागदावरच्या डिजिटल सहीची खात्री याच क्रमांकानं आणि कोडनं होते. ते नीट उमटलं नसेल तर १५ रुपये वाया.

आधार दुकानात मागे राहू देऊ नका

रांगेत अडकलेलं काम लाईट गेली म्हणून पुसलं जात नाही. काल संध्याकाळी अडकलेली आधारची प्रत आज सकाळी प्रिंटर चालू केल्याबरोबर बाहेर येते आणि तिसऱ्याच माणसाच्या कागदांत मिसळते. चालकांनी सकाळी पहिलं काम रांग बघायचं करावं. लाईट जाऊन आली तरी तसंच.

छापलेल्या फाईलींचा फोल्डर रोज संध्याकाळी रिकामा करा, रिसायकल बिनही. व्हॉट्सॲप वेबमधून आलेल्या फाईलींच्या प्रती डाउनलोडमध्ये राहतात, त्याही काढा. सॉफ्टवेअरमध्ये 'इतक्या दिवसांनी फाईल पुसा' अशी सोय असेल तर एक दिवस ठेवा.

गिऱ्हाइकांनीही थोडं जपावं. जिथं पूर्ण आधार नंबर लागत नाही तिथं 'मास्क्ड' आधार द्या. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवता येतं. पीडीएफबरोबर पासवर्ड लिहून पाठवू नका, समोर उभं राहून स्वतः टाका. प्रिंट हातात आली की "फाईल पुसा" असं चालकाला सांगा आणि पुसेपर्यंत थांबा. चुकीची निघालेली पानं दुकानात न ठेवता घरी न्या, नाहीतर त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उद्या दुसऱ्याचा हिशोब लिहिला जातो.

पीककर्जाचं नवं-जुनं असो की शाळेचा प्रवेश, मुदतीच्या शेवटच्या दिवशी साइटही अडते, लाईटही जाते आणि प्रिंटरही रुसतो. सातबारा दोन दिवस आधी काढून तिथल्या तिथं तपासला, तर चूक निघाली तरी दुरुस्त करायला वेळ हातात राहतो.