आपलीच रेकॉर्ड, पुन्हा पहिल्यांदा

गोष्ट 1980 सालची. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पस्तिशीतला एक माणूस मेंदूच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आईवडिलांच्या घरी परतला होता. समोर उभ्या असलेल्या दोन वृद्ध व्यक्ती आपले आईवडील आहेत, हे त्याला सांगावे लागत होते. वडील घरात रोज जॅझ गिटारच्या रेकॉर्ड लावत. त्या स्वरांचे त्याला काहीच वाटत नसे, उलट सुरुवातीला त्याचा त्रासच होई. रेकॉर्डवरची ती गिटार वाजवणारा माणूस तो स्वतःच होता.

पॅट मार्टिनो हे त्यांचे नाव. जन्म 1944 चा. बाराव्या वर्षी गिटार हातात घेतली, पंधराव्या वर्षी व्यावसायिक वादक झाले आणि 1967 साली ‘एल ओम्ब्रे’ हा त्यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला. जॅझची गोडी लावली ती वडिलांनीच. त्याच वडिलांवर आता मुलाला तीच गोडी दुसऱ्यांदा लावण्याची वेळ आली होती.

एखादा अल्बम पहिल्यांदा ऐकला आणि तेव्हापासून जन्मभराचे वेड लागले, असे सांगणारे रसिक आपल्याला भेटतात. ते वेड मेंदूत नेमके कुठे राहते? आणि ती जागाच बिघडली तर ते पुन्हा लागू शकते का? मार्टिनोंची कहाणी या दोन्ही प्रश्नांना हात घालते.

फिट, पण ओळखू न आलेली

मार्टिनोंच्या मेंदूत डाव्या बाजूला, कानशिलाच्या आतल्या भागात रक्तवाहिन्यांचा एक गुंता होता. वैद्यकीय भाषेत त्याला आर्टिरिओव्हीनस मालफॉर्मेशन किंवा थोडक्यात एव्हीएम म्हणतात. साधारणपणे धमनीतले रक्त बारीक केशवाहिन्यांतून सावकाश शिरेत उतरते. या गुंत्यात केशवाहिन्याच नसतात, त्यामुळे धमनीचा जोरदार दाब थेट नाजूक शिरांवर येतो. अशी शिर कधीतरी फुटू शकते. फुटण्याआधी अनेकदा वर्षानुवर्षे फिट येत राहतात.

मेंदूच्या या भागातली फिट मात्र सिनेमात दाखवतात तशी नसते. माणूस खाली कोसळत नाही, तोंडाला फेस येत नाही. काही क्षण तो शून्यात बघतो, ओठ चाटत राहतो. अकारण भीतीची लाट येते, नसलेला वास येतो किंवा ‘हे सगळे आधी घडून गेले आहे’ असे तीव्रतेने वाटते. त्यामुळे दुखणे मनाचे आहे असा समज सहज होतो. मार्टिनोंचेही तेच झाले. त्यांच्यावर मानसिक आजारांचे शिक्के बसले, विजेचे झटकेही दिले गेले. शेवटी 1980 मध्ये गुंत्यातून रक्तस्राव झाला आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. त्यात डाव्या टेम्पोरल लोबचा बराच मोठा भाग काढावा लागला. जीव वाचला, पण आठवणी गेल्या आणि गिटारही त्यांच्यासोबत गेली.

आठवण एक नसते

‘स्मरणशक्ती गेली’ असे आपण सरसकट म्हणतो. मेंदूत मात्र स्मरणाची खाती वेगवेगळी असतात. लग्न कुठे झाले, शाळेतल्या बाई कोण होत्या, पानिपतची लढाई कधी झाली, अशा सांगता येणाऱ्या आठवणींसाठी टेम्पोरल लोब आणि त्याच्या आत असलेला हिप्पोकॅम्पस लागतो. सायकल चालवणे, पोळी लाटणे, तबल्यावर बोल वाजवणे ही हाताची स्मृती असते. ती मुख्यतः मेंदूच्या खोलवर असलेल्या बेसल गँगलिया आणि मागच्या लहान मेंदूच्या आधाराने टिकते.

ही विभागणी समजली ती हेन्री मोलेसन या रुग्णामुळे. फिट थांबवण्यासाठी 1953 मध्ये त्यांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला आणि त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. पण ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून आकृती गिरवायला दिली, तेव्हा त्यांचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आपण हे आधी केले आहे, हे मात्र त्यांना दरवेळी नवेच वाटे.

मार्टिनोंच्या बाबतीत वडिलांच्या रेकॉर्डनी हेच दुसरे खाते उघडले असावे. हळूहळू त्यांनी गिटार हातात घेतली. आपल्याच जुन्या रेकॉर्ड ऐकत, बोटांना सुचेल तसे वाजवत ते शिकत गेले. काही जागा नव्याने शिकाव्या लागल्या, तर काही बोटांना आपोआप सापडल्या. या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्या मेंदूशल्यचिकित्सकांनी मेंदूच्या लवचिकतेकडे बोट दाखवले आहे. एखादा भाग निकामी झाला तर शेजारचे किंवा दुसऱ्या बाजूचे भाग त्याचे काम थोडेफार उचलू शकतात. पण त्यासाठी वेळ लागतो आणि सराव लागतो. मार्टिनोंना सात वर्षे लागली. 1987 मध्ये त्यांचा नवा अल्बम आला. त्याचे नावच ‘द रिटर्न’ होते.

समेची वाट बघणारा मेंदू

मेंदू शाबूत असलेल्या आपल्यासारख्यांना पहिला अल्बम वेड का लावतो, याचेही उत्तर आता बरेच हाती आले आहे.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सलिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांनी 2011 मध्ये एक प्रयोग केला. ज्या संगीताने अंगावर काटा येतो ते संगीत लोकांनी स्वतः निवडून आणायचे आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूचे चित्रण करायचे. काटा येण्याच्या क्षणी न्यूक्लियस अॅक्युम्बन्स या भागात डोपामाइन हे रसायन स्रवत होते. भूक भागल्यावर समाधान देणारी साखळी हीच. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे, तो क्षण यायच्या आधीच कॉडेट या शेजारच्या भागात डोपामाइन वाढू लागले होते. आपल्याकडच्या श्रोत्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. तिहाई सुरू झाली की मान डोलायला लागते, ती सम यायच्या आधीच. आनंद समेत असतो आणि समेच्या वाट बघण्यातही असतो.

2019 मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी 27 जणांवर याची उलटतपासणी केली. डोपामाइन वाढवणारे लेव्होडोपा दिले तेव्हा संगीताचा आनंद वाढला. डोपामाइनला अडवणारे रिस्पेरिडोन दिले तेव्हा तो घटला.

पण कधीच न ऐकलेल्या संगीतात वाट कशाची बघायची? जॅझ पहिल्यांदा ऐकणाऱ्याची अडचण नेमकी हीच असते. सम कुठे आहे हेच कळत नाही, त्यामुळे सगळा गोंगाट वाटतो. पुन्हा पुन्हा ऐकले की मेंदू आतल्या आत नकाशा काढू लागतो आणि अंदाज बांधू लागतो. अंदाज बरोबर आला तर सुख मिळते, थोडा हुकला तर आणखी सुख मिळते. सगळेच अंदाज बरोबर यायला लागले की कंटाळा येतो. जॅझमध्ये वादक त्याच धूनेवर दरवेळी वेगळी वाट काढत असल्यामुळे हा कंटाळा लवकर येत नाही. खयाल ऐकणाऱ्याला हा अनुभव परका नाही.

म्हणूनच पहिल्या भेटीला सोपी वाट दाखवणारा अल्बम मिळाला तर नशीब म्हणायचे. माइल्स डेव्हिस यांचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा जगभरातल्या असंख्य रसिकांचा असा पहिला अल्बम आहे. 1959 च्या मार्च आणि एप्रिलमध्ये न्यूयॉर्कमध्ये अवघ्या दोन दिवसांच्या ध्वनिमुद्रणात तो झाला. झपाट्याने बदलणाऱ्या स्वरसंगतींऐवजी एकाच सप्तकात बराच वेळ रमायचे, ही त्याची रीत. त्यातल्या ‘सो व्हॉट’ या पहिल्याच रचनेचे सप्तक म्हणजे आपला काफी थाट. मध्येच काही काळ षड्ज अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि पुन्हा मूळ जागी येतो. हे एकदा कानाला कळले की गोंगाट संपतो आणि गाणे सुरू होते.

तसेही मराठी कान जॅझला पूर्ण अनोळखी नाहीत. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझ वादक वाजवत. त्यांच्याकडे बघत शिकलेले गोव्याचे वादक पुढे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे सहायक होते. 1951 च्या ‘अलबेला’मधल्या गाण्यांवर ज्यांनी ताल धरला, त्यांच्या कानावर जॅझचे संस्कार नकळत झालेलेच होते.

वयाची खिडकी

हॉलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांनी 1989 मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना वेगवेगळ्या दशकांतली गाणी ऐकवली. सर्वाधिक पसंती मिळाली ती ऐकणारा साधारण तेविशी-चोविशीत असताना गाजलेल्या गाण्यांना. पहिली नोकरी, पहिले प्रेम, घर सोडणे हे सगळे याच काळात घडते आणि त्या भावनांच्या गोंदाने गाणी चिकटतात. 2013 च्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांसोबत आईवडिलांच्या तरुणपणीची गाणीही जवळची वाटत होती. घरात लागणारी रेकॉर्ड वाया जात नाही. मुले ऐकत नाहीत असे वाटते, पण ती ऐकत असतात.

मात्र ही खिडकी चाळिशीनंतर बंद होत नाही. नवे संगीत साठीतही आवडू शकते, फक्त थोडा धीर धरावा लागतो. एखादा अल्बम निवडावा, आठवडाभर रोज एकदा, दुसरे काही न करता ऐकावा आणि मग मत बनवावे. तरीही काहीच वाटले नाही तर स्वतःला दोष देऊ नये. शंभरातल्या साधारण तीन ते पाच जणांना कुठल्याच संगीताने फारसा आनंद होत नाही, बाकी सगळ्या गोष्टींनी होतो. हा आजार नव्हे.

संगीत हे औषधाला पर्याय नाही, हेही तितकेच खरे. मार्टिनोंचा जीव शस्त्रक्रियेने वाचला, संगीताने त्यानंतरचे आयुष्य दिले. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुन्हा पुन्हा तंद्री लागणे, अकारण भीतीचे झटके, मधलेच काही क्षण न आठवणे असे होत असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी अचानक सुरू झाली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि संगीत ऐकायचे तर कान जपावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत सुरक्षित आहे, आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने कमी होते. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

2000 सालच्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड इथल्या एका जॅझ क्लबमध्ये पॅट मार्टिनो यांच्या वादनाचे ध्वनिमुद्रण झाले. श्रोत्यांपुढे त्यांनी जे वाजवले त्यात ‘ऑल ब्लूज’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ या दोन रचना होत्या. दोन्ही ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या. तो अल्बम बाजारात आला त्या दिवशी मार्टिनो पंधराव्या वाढदिवसापासून आठ दिवस दूर होते. त्याच कार्यक्रमात त्यांनी ‘एल ओम्ब्रे’ही वाजवले, त्यांच्या पहिल्या अल्बमच्या नावाची रचना. वीस वर्षांपूर्वी वडिलांनी घरात लावलेल्या रेकॉर्डवरचा तो अनोळखी गिटारवादक आता पुन्हा त्यांच्या ओळखीचा झाला होता.